फिल्म कॅमेरा : वापर व दुरुस्ती यांचा इतिहास

प्रकाशसंवेदी पायसाचा लेप दिलेल्या लवचिक पट्टीवर, म्हणजे फिल्मवर, प्रतिमा नोंदविणाऱ्या कॅमेऱ्यास फिल्म कॅमेरा म्हणतात. एकेक स्थिर चित्र घेणारा व चलच्चित्रण करणारा असे त्याचे दोन प्रमुख प्रकार होत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत, म्हणजे सु. शंभर वर्षे, छायाचित्रणाचा व चित्रपटनिर्मितीचा जवळजवळ सर्व व्यवहार या यंत्रावर चालला. अंकीय कॅमेऱ्यांच्या प्रसारानंतर तो मागे पडला. तथापि घराघरांतील कपाटांत, छायाचित्रकारांच्या जुन्या दुकानांत आणि संग्रहालयांत असे असंख्य कॅमेरे आजही आहेत व त्यांपैकी पुष्कळसे योग्य निगा राखल्यास चालू शकतात.

महाराष्ट्रात या यंत्राच्या इतिहासाला एक वेगळे अंग आहे. युरोप-अमेरिकेत कॅमेरा बनविणारा, वापरणारा व दुरुस्त करणारा हे बहुधा तीन निरनिराळे घटक असत. येथे कॅमेरा परदेशातून येई. त्याचे सुटे भाग व ते बसविणारे तंत्रज्ञ मात्र त्याच्याबरोबर येत नसत. बिघडलेले यंत्र परत पाठवावे, तर जाण्यायेण्यात महिने जात. त्यामुळे वापरणाऱ्यालाच यंत्राचे अंतरंग जाणून घ्यावे लागले, आणि अशा जाणकारांपैकी काहींनी पुढे यंत्रच घडविले. कोल्हापुरात १९१८ मध्ये तयार झालेला चलच्चित्र कॅमेरा हे त्याचे सर्वांत ठळक उदाहरण होय. दुरुस्तीची ही विद्या कशी निर्माण झाली, तिचे स्वरूप काय होते आणि ती नाहीशी झाल्यास काय गमावले जाईल, यांचा विचार प्रस्तुत नोंदीत केला आहे.

रचना : कोणत्याही फिल्म कॅमेऱ्याची मुख्य अंगे पाच असतात : भिंग, द्वारक (भिंगातून शिरणाऱ्या प्रकाशाचे प्रमाण कमीजास्त करणाऱ्या पात्यांमधील छिद्र), झडप किंवा शटर (प्रकाश किती वेळ आत यावा हे ठरविणारी यंत्रणा), फिल्म पुढे सरकविणारी यंत्रणा आणि या सर्वांना धरून ठेवणारी प्रकाशबंद पेटी. फिल्मवर पडणारा एकूण प्रकाश द्वारक व झडप या दोहोंवर अवलंबून असतो. द्वारकाचे २·८, ४, ५·६, ८, ११, १६ हे अंक असे योजलेले आहेत की, पुढच्या प्रत्येक अंकाला प्रकाश निम्मा होतो. प्रकाशमापक उपलब्ध नसल्यास, भर उन्हात द्वारक १६ या अंकावर व झडपेचा वेग फिल्मच्या संवेदनक्षमतेच्या अंकाजवळ (१०० अंकाच्या फिल्मकरिता सु. १/१२५ से.) ठेवावा, हा जुना नियम आजही उपयोगी पडतो. ढगाळ हवेत द्वारक दोन ते तीन अंकांनी उघडावा लागतो.

भिंग व फिल्म यांमधील अंतर फार काटेकोर असावे लागते. उदा., लायका पद्धतीच्या आट्याच्या कॅमेऱ्यात भिंग टेकते ती कड व फिल्मचे प्रतल यांत २८·८ मिमी. अंतर असते. त्यात मिमी.च्या काही शतांशांचा फरक पडला, तरी मोठ्या द्वारकावर घेतलेले चित्र अस्पष्ट येते. या काटेकोरपणामुळे दुरुस्तीची व्याप्तीही वाढते. मोडका भाग बदलल्याने दुरुस्ती पुरी होत नाही. यंत्राची सर्व अंगे पुन्हा परस्परांशी जुळवून घ्यावी लागतात.

मुंबईतील प्रारंभ : लुई दागेअर यांची छायाचित्रणपद्धती १८३९ मध्ये पॅरिस येथे जाहीर झाली आणि थोड्याच काळात छायाचित्रणाची साधने भारतात पोहोचली. मुंबईत १८५४ मध्ये ‘फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बॉम्बे’ ही संस्था स्थापन झाली. तिच्या पहिल्या भारतीय सदस्यांत डॉ. भाऊ दाजी लाड हे होते. त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हेही वैद्यकाचे पदवीधर व नामांकित छायाचित्रकार होते. एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये १८५५ मध्ये छायाचित्रणाचा वर्ग सुरू झाला. त्यात शिकलेले हरिश्चंद्र चिंतामण यांनी पुढे मुंबईत छायाचित्रणाचा व्यवसाय केला.

या काळात फिल्म अस्तित्वात नव्हती. फ्रेडरिक स्कॉट आर्चर यांनी १८५१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ओल्या पट्टिकेच्या पद्धतीत काचेवर कलोडियनाचा थर देऊन, ती रजत नायट्रेटाच्या विद्रावात बुडवून, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालावी लागे व लगेच विकसित करावी लागे. मुंबईच्या उन्हाळ्यात कलोडियनातील ईथर झपाट्याने उडून जाई व थर वाळे. म्हणून छायाचित्रकाराला रसायनांचे प्रमाण स्वतः बदलून पाहावे लागे. लाकडी कॅमेऱ्याची फळी पावसाळ्यात फुगे व उन्हाळ्यात आक्रसे. चामड्याचा भाता कुजे किंवा चिरे. सुतार व चर्मकार हेच या यंत्राचे पहिले दुरुस्तीकार होत. जत्रांतून व कचेऱ्यांबाहेर पुढे अनेक वर्षे दिसणारा पेटीचा कॅमेरा, ज्याच्या पोटातच कागदावरील चित्र धुऊन निघे, हा याच परंपरेतील होय. त्यात भिंगाखेरीज स्थानिक सुताराला करता येणार नाही असा भाग क्वचितच असे.

जॉर्ज ईस्टमन यांच्या कोडॅक कॅमेऱ्याने (१८८८) व त्यानंतर आलेल्या सेल्युलॉइड फिल्मने ही परिस्थिती पालटली. गुंडाळीच्या फिल्मसाठी दातेरी चाके, स्प्रिंगा व अचूक अंतरे यांची गरज निर्माण झाली आणि कॅमेरा लाकडाच्या पेटीऐवजी धातूचे यंत्र बनू लागला. सुताराचे काम यापुढे घड्याळजीकडे व यंत्रकारागिराकडे गेले.

चलच्चित्र कॅमेऱ्याचे आगमन : ल्यूम्येअर बंधूंच्या चलच्चित्रांचा खेळ ७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात झाला. तो पाहणाऱ्यांत हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर ऊर्फ सावे दादा (१८६८–१९५८) हे व्यवसायाने छायाचित्रकार असलेले गृहस्थ होते. त्यांनी इंग्लंडमधील रायली बंधूंचा कॅमेरा २१ गिनींना मागविला व १८९९ मध्ये मुंबईत हँगिंग गार्डन येथे पुंडलिक दादा व कृष्णा न्हावी यांच्या कुस्तीचे चित्रण केले. रँग्लर र. पु. परांजपे केंब्रिजहून परतले, तेव्हा डिसेंबर १९०१ मध्ये चौपाटीवर झालेल्या त्यांच्या स्वागताचेही चित्रण सावे दादांनी केले. मात्र कुस्तीची ती फिल्म धुण्यासाठी लंडनला पाठवावी लागली होती. यंत्र येथे होते, त्याची विद्या मात्र अद्याप तेथेच होती.

धुंडिराज गोविंद ऊर्फ दादासाहेब फाळके (१८७०–१९४४) यांनी हे अंतर बरेच कमी केले. मुंबईचे जे. जे. कलाविद्यालय व बडोद्याचे कलाभवन येथे शिकलेल्या फाळक्यांना छायाचित्रण, मुद्रण व रंगकाम या तिन्हींचा अनुभव होता. फेब्रुवारी १९१२ मध्ये ते लंडनला गेले. तेथे त्यांनी ‘बायोस्कोप’ या नियतकालिकाचे संपादक कॅबोर्न व चित्रपटनिर्माते सेसिल हेपवर्थ यांच्या साह्याने निर्मितीची माहिती करून घेतली आणि विल्यमसन कॅमेरा खरेदी केला. परतल्यावर कुंडीतील वाटाण्याच्या रोपाची वाढ त्यांनी चौकट-चौकट करून टिपली. भांडवल देणाऱ्यांना दाखविण्यासाठी केलेली ही छोटी फिल्म म्हणजे यंत्रावरील त्यांच्या हुकमतीची परीक्षाच होती.

त्या वेळी येणाऱ्या फिल्मला कडेची छिद्रे पाडलेली नसत. ती वेगळ्या यंत्राने घरीच पाडावी लागत. छिद्रांतील अंतर किंचित चुकले, तरी कॅमेऱ्याचा पंजा फिल्म फाडी किंवा चित्र पडद्यावर थरथरे. हे काम सरस्वतीबाई फाळके रात्री अंधारात करीत. फिल्म कॅमेऱ्यात भरणे व धुणे यांतही त्यांचा वाटा होता. त्र्यंबक तेलंग यांना फाळक्यांनी कॅमेरा चालविण्यास शिकविले. ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन चित्रपटगृहात प्रदर्शित झाला. छिद्रे पाडण्यापासून प्रत छापण्यापर्यंतच्या सर्व क्रिया प्रथमच एका घरात, एका कुटुंबाच्या हातांनी झाल्या होत्या. यंत्र तेवढे परदेशी होते.

कोल्हापूरचा कॅमेरा : कोल्हापुरातील आनंदराव व बाबूराव मेस्त्री हे चुलत बंधू नाटक मंडळ्यांसाठी पडदे रंगवीत. त्यावरून ‘पेंटर’ हे त्यांचे उपनाव रूढ झाले. त्यांच्या घराण्यात लाकूड, धातू व मूर्तिकाम यांचे हातकसब होते. ‘राजा हरिश्चंद्र’ पाहिल्यावर दोघांनी चित्रपट काढण्याचे ठरविले. पण परदेशी कॅमेरा विकत घेणे त्यांच्या आवाक्याबाहेरचे होते. त्यांनी मुंबईच्या जुन्या बाजारातून एक प्रक्षेपक (प्रोजेक्टर) घेतला, चित्रपटांचे खेळ करून चरितार्थ चालविला आणि त्याच वेळी त्या यंत्राचा व पडद्यावरील चित्रांचा अभ्यास केला.

प्रक्षेपकावरून कॅमेरा घडविणे शक्य का झाले, हे त्यांच्या रचनेवरून कळते. दोन्ही यंत्रांत फिल्म सलग सरकत नाही. ती एका चौकटीपुरती थांबते, झाकली जाते व पुढच्या चौकटीवर ओढली जाते. मूकपटांच्या काळात कॅमेऱ्याची मूठ एका फेऱ्याला आठ चौकटी, याप्रमाणे सेकंदाला दोन फेरे फिरवीत. ३५ मिमी. रुंदीच्या फिल्मच्या एका फुटात १६ चौकटी असल्यामुळे सेकंदाला एक फूट फिल्म खर्ची पडे. झडपेची फिरती तबकडी आणि फिल्म ओढणारी यंत्रणा यांचा मेळ दोन्ही यंत्रांत सारखाच असावा लागतो. मात्र एक महत्त्वाचा भेद आहे. प्रक्षेपकातील हिसका त्या खेळापुरता असतो; कॅमेऱ्यातील हिसका फिल्मवर कायमचा उमटतो आणि पुढे प्रत्येक खेळात दिसतो. शिवाय कॅमेऱ्याची पेटी पूर्णपणे प्रकाशबंद असावी लागते व भिंग फिल्मच्या प्रतलाशी अचूक जुळावे लागते. म्हणजे प्रक्षेपकाचे तत्त्व घेऊन त्याहून अधिक अचूक यंत्र हाताने घडवावयाचे, असे हे काम होते.

काम पुरे होण्यापूर्वीच १९१६ मध्ये आनंदराव निवर्तले. बाबूराव पेंटर (१८९०–१९५४) यांनी आपले शिष्य विष्णुपंत गोविंद दामले यांच्या साह्याने ते पुढे चालविले व १९१८ मध्ये चालता कॅमेरा तयार झाला. तानीबाई कागलकर यांनी दिलेल्या द्रव्यसाहाय्यावर महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली. या कॅमेऱ्याने चित्रित केलेला ‘सैरंध्री’ हा मूकपट फेब्रुवारी १९२० मध्ये पुण्याच्या आर्यन चित्रपटगृहात प्रदर्शित झाला. लोकमान्य टिळकांनी बाबूरावांना ‘सिनेमा केसरी’ ही पदवी दिली.

या घटनेचे महत्त्व पहिलेपणापुरते नाही. स्वतः घडविलेले यंत्र वापरणाऱ्याला त्याच्या मर्यादा ठाऊक असतात. बिघाड झाला, तर तो कोठे असेल हे तो जाणतो आणि गरजेप्रमाणे यंत्रात बदल करू शकतो. महाराष्ट्र फिल्म कंपनीत शिकलेल्या दामले, फत्तेलाल, धायबर व व्ही. शांताराम यांनी सीताराम कुलकर्णी यांच्यासह १९२९ मध्ये कोल्हापुरात प्रभात फिल्म कंपनी स्थापन केली व १९३३ मध्ये ती पुण्याला नेली. बोलपट आल्यावर ध्वनिमुद्रणाच्या यंत्रणेची जबाबदारी दामले यांनी उचलली. पुढे फत्तेलाल यांच्यासमवेत त्यांनी ‘संत तुकाराम’ (१९३६) दिग्दर्शित केला. कॅमेऱ्याचे भाग घडविणाऱ्या हातांनीच हा चित्रपट घडविला, हे लक्षात घेण्याजोगे आहे. कोल्हापुरात खरी कॉर्नर येथे कॅमेऱ्याच्या आकाराचे स्मारक उभारण्यात आले आहे.

दुरुस्तीतून निर्मिती हा क्रम इतरत्रही आढळतो. केरळमधील आलप्पुळा येथे तयार होणारा ‘वागीश्वरी’ हा लाकडी कॅमेरा कॅमेऱ्याच्या फाटक्या भात्याच्या दुरुस्तीतून १९४०–५० या दशकात जन्मला. वाद्यांच्या दुरुस्तीमुळे भात्याचे काम त्या कारागिरास परिचयाचे होते.

स्थिर छायाचित्रण व दुरुस्तीचा व्यवसाय : ३५ मिमी. फिल्म वापरणारा, ओस्कार बार्नाक यांनी रचलेला लायका कॅमेरा १९२५ मध्ये बाजारात आला. १९२९ मध्ये दोन भिंगांचा रोलायफ्लेक्स आला. स्वातंत्र्योत्तर काळात गावोगावच्या स्टुडिओंत व लग्नसमारंभांत रोलायफ्लेक्स व त्या धर्तीचा जपानी याशिका हे कॅमेरे प्रतिष्ठेचे मानले जात. सामान्य कुटुंबांपर्यंत पोहोचला तो बडोदे येथे तयार होणारा ‘आग्फा क्लिक–३’ हा साधा कॅमेरा. १२० क्रमांकाच्या एका गुंडाळीवर तो बारा चौरस चित्रे घेई.

दुसऱ्या पंचवार्षिक योजनेच्या काळात (१९५६–६१) परकीय चलनाची तीव्र टंचाई निर्माण झाली व चैनीच्या वस्तूंच्या आयातीवर कडक निर्बंध आले. नवा परदेशी कॅमेरा दुर्मिळ झाल्यामुळे जुना कॅमेरा टिकविणे ही छायाचित्रकाराची गरज बनली. मुंबईत फोर्ट भागातील बोरा बाजार व त्याच्या आसपासच्या गल्ल्या कॅमेऱ्यांच्या खरेदीविक्रीचे व दुरुस्तीचे केंद्र म्हणून प्रसिद्ध झाल्या. येथील कारागीर बहुधा गुरूच्या हाताखाली शिकलेले असत. निकामी झालेला कॅमेरा ते टाकून देत नसत. त्यातील स्क्रू, स्प्रिंगा, पाती व भिंगे डब्यांत जपून ठेवीत आणि दुसऱ्या कॅमेऱ्यासाठी वापरीत. न मिळणारे दाते लेथवर कापून घेत. कारखान्याच्या नकाशांऐवजी त्यांच्यापाशी शेकडो यंत्रे उघडल्याचा अनुभव असे. हा अनुभव क्वचितच लिहून ठेवला गेला, हे या व्यवसायाचे मोठे वैगुण्य होय.

हवामान व भिंगे : भिंगाचा मुख्य शत्रू आर्द्रता हा आहे. हवेची सापेक्ष आर्द्रता दीर्घकाळ ६०–६५ टक्क्यांहून अधिक राहिल्यास भिंगाच्या पृष्ठावर बुरशी वाढते. तिचे धागे कोळ्याच्या जाळ्यासारखे पसरतात व त्यांतून स्रवणाऱ्या आम्लांमुळे प्रथम भिंगावरील विलेपन व नंतर काचही खरवडल्यासारखी होते. कोकणपट्टीत हा दोष सर्वत्र आढळतो. २०१४ मध्ये निर्माण झालेल्या पालघर जिल्ह्यातील डहाणू–कासा–तलासरी हा पट्टा या दृष्टीने उदाहरणादाखल घेता येईल. एका बाजूस समुद्र, दुसऱ्या बाजूस सह्याद्रीच्या रांगा व जून ते सप्टेंबर मुसळधार पाऊस यांमुळे चामड्याच्या बंद पिशवीत ठेवलेला कॅमेरा येथे एखाद्या पावसाळ्यातही खराब होऊ शकतो. कारण चामडे ओलावा धरून ठेवते.

याच पट्ट्यातील वारली समाजाची भित्तिचित्रे गेरूने सारविलेल्या कुडावर तांदळाच्या पिठाने काढली जात. विवाहप्रसंगी काढलेला चौक पुढच्या सारवणाबरोबर नाहीसा होई. १९७०–८० या दशकात गंजाड येथील जिव्या सोमा म्हसे प्रभृतींच्या हातून ही कला कागदावर व कापडावर आली. त्यापूर्वी भिंतीवरील मूळ चित्र टिकविण्याचे मुख्य साधन छायाचित्र हेच होते. भिंग धूसर झाले असेल, तर अशी नोंदही धूसर होते व दुसऱ्यांदा घेता येत नाही.

बुरशी ताजी असल्यास भिंग सुटे करून हायड्रोजन पेरॉक्साइड व अमोनिया यांच्या सौम्य मिश्रणाने ती काढता येते. विलेपन खाल्ले गेले असल्यास मात्र उपाय नाही. भिंग हवेशीर जागी किंवा सिलिका जेल घातलेल्या घट्ट डब्यात ठेवणे, सिलिका जेल वेळोवेळी तापवून कोरडे करणे व कॅमेरा अधूनमधून वापरणे, ही त्यावरील प्रतिबंधक योजना होय. आर्द्रता ४० ते ५० टक्के राखणे इष्ट असते. हवा त्याहून फार कोरडी झाल्यास वंगण व चामडे वाळते.

जुन्या भिंगांत अनेक काचा कॅनडा बाल्समने जोडलेल्या असतात. काळाच्या ओघात हा राळेचा थर कडेपासून सुटतो किंवा पिवळा पडतो. काचा सावकाश तापवून विलग करणे, स्वच्छ करणे व अक्ष जुळवून पुन्हा चिकटविणे हे दुरुस्तीतील अत्यंत नाजूक काम आहे. आज त्यासाठी जंबुपार (अल्ट्राव्हायोलेट) प्रकाशाने घट्ट होणारे कृत्रिम चिकटद्रव्यही वापरतात. १९५०–७५ या काळातील काही भिंगांच्या काचेत थोरियम वापरलेले असे. त्याच्या किरणोत्सर्गाने काच तपकिरी पडते. जंबुपार प्रकाशात काही दिवस ठेवल्यास ती बरीच निवळते. भिंगावरील परावर्तनरोधी विलेपन जर्मनीत १९३५ मध्ये अलेक्झांडर स्माकुला यांनी विकसित केले. त्यापूर्वीच्या भिंगांतून समोरच्या उजेडात चित्र फिके येते. हा त्यांचा बिघाड नसून मूळ गुणधर्म आहे. म्हणून अशा भिंगास छत्री लावावी व सूर्य पाठीशी किंवा बाजूस ठेवावा.

झडप व इतर यंत्रणा : झडपा मुख्यतः दोन प्रकारच्या असतात. भिंगाच्या अंगभूत पात्यांची झडप (उदा., १९१२ पासूनची कॉम्पूर) आणि फिल्मच्या लगत सरकणाऱ्या कापडी वा धातूच्या पडद्यांची झडप. पहिल्या प्रकारात पात्यांवर तेल चढल्याने ती चिकटतात व मंद वेगांसाठी असलेली दातेरी चाके घट्ट होतात. तेल घातल्याने अशी झडप सुधारत नाही, उलट बिघडते. पाती शुद्ध पेट्रोलियम विद्रावकाने धुऊन कोरडीच ठेवावी लागतात. चाकांच्या खुंट्यांना तेवढा तेलाचा सूक्ष्म थेंब पुरतो. दुसऱ्या प्रकारात रबर चढविलेल्या रेशमी पडद्याला चिरा पडतात. टोपण न लावता कॅमेरा उन्हाकडे तोंड करून ठेवल्यास भिंगामुळे एकवटलेले ऊन पडद्याला भोक पाडते. झोर्की–४ सारख्या काही सोव्हिएट कॅमेऱ्यांत झडप ताणण्यापूर्वी वेग बदलल्यास यंत्रणा मोडते. हे ज्ञात नसल्यामुळे अनेक चांगले कॅमेरे वापरणाऱ्याच्याच हातून निकामी झाले.

भात्याची सूक्ष्म छिद्रे अंधाऱ्या खोलीत आत दिवा धरून शोधतात व काळे कापड रबर सोल्यूशनने चिकटवून बुजवितात. मागच्या झाकणाच्या कडेचा फोम कुजून चिकट झाला असेल, तर तो काढून काळी मखमल किंवा लोकरीचा धागा बसवितात. केंद्रीकरण तपासण्यासाठी फिल्मच्या जागी धूसर काच ठेवून दूरचा मनोरा किंवा डोंगरमाथा पाहतात. भिंगावरील खूण ‘अनंत’ या अंतरावर असता त्याची प्रतिमा रेखीव दिसली पाहिजे. अनेक कॅमेऱ्यांतील प्रकाशमापक १·३५ व्होल्टच्या पारायुक्त विद्युत् घटांवर चालत. पाऱ्याच्या विषारीपणामुळे हे घट बाजारातून गेले; आजचे १·५ व्होल्टचे घट घातल्यास अशा मापकाचे वाचन चुकू शकते. चालू स्थितीतील कॅमेऱ्याचीही झडप बहुधा अंकित वेगापेक्षा मंद झालेली असते. म्हणून जुन्या कॅमेऱ्यात पहिली गुंडाळी महत्त्वाच्या प्रसंगी न वापरता चाचणीसाठी वापरावी.

ऱ्हास व सद्यस्थिती : १९९१ नंतरच्या आयातीच्या उदारीकरणाने नवे कॅमेरे सुलभ झाले व एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात अंकीय कॅमेऱ्याने फिल्मची जागा घेतली. उदगमंडलम् येथे १९६० मध्ये स्थापन झालेला हिंदुस्थान फोटो फिल्म्स हा सरकारी कारखाना बंद पडला. अमेरिकेतील ईस्टमन कोडॅक कंपनीने २०१२ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला. तथापि फिल्म संपूर्णपणे नाहीशी झाली नाही. कोडॅक व इंग्लंडमधील इल्फर्ड या नावांची फिल्म अद्याप तयार होते, लायका कंपनीने २०२२ मध्ये व पेंटॅक्स कंपनीने २०२४ मध्ये फिल्मचे कॅमेरे नव्याने बाजारात आणले, आणि तरुण छायाचित्रकारांत जुन्या कॅमेऱ्यांविषयी पुन्हा आस्था निर्माण झाली आहे. कॅमेरे मिळतात, ते दुरुस्त करणारे मात्र मोजकेच व वयोवृद्ध आहेत.

हा प्रश्न केवळ छंदाचा नाही. पुण्यात १९६४ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाने भारतीय चित्रपटांच्या जतनाचे मोठे कार्य केले. तरी मूकपटांचा फार मोठा भाग कायमचा नष्ट झाला आहे. कोल्हापूरच्या कॅमेऱ्याने टिपलेला ‘सैरंध्री’ त्यांतच गेला. सेल्युलोज नायट्रेटाची जुनी फिल्म अतिज्वालाग्राही असते. पुण्यातील २००३ च्या आगीत अशी अनेक रिळे जळाली. त्यानंतरच्या ॲसिटेट फिल्मचे उष्ण व दमट हवेत विघटन होऊन तिला व्हिनेगरसारखा आंबूस वास येतो व ती आक्रसते. आक्रसलेल्या फिल्मच्या छिद्रांतील अंतर बदलते, त्यामुळे ती सर्वसाधारण यंत्रातून घातल्यास फाटते. तिच्यासाठी दाते व पंजा नव्याने जुळवावे लागतात. म्हणजे सरस्वतीबाई फाळके छिद्रे पाडताना आणि पेंटर बंधू पंजा घडविताना ज्या अचूकपणाशी झगडले, त्याचीच गरज त्यांच्या काळातील चित्रे वाचविणाऱ्यास आज पडते.

कॅमेरा काचेच्या पेटीत ठेवून त्याचे बाह्य रूप टिकविता येते. त्याची चाल मात्र वापराने व दुरुस्तीनेच टिकते. म्हणून जुन्या कारागिरांच्या कार्यपद्धतीची सचित्र नोंद करणे, त्यांची हत्यारे व सुट्या भागांचे साठे जपणे आणि तंत्रशिक्षणाच्या संस्थांतून त्यांच्या हाताखाली नवे कारागीर तयार करणे ही निकडीची कामे आहेत. महाराष्ट्रात चित्रपटाचा पाया ज्यांनी घातला, त्यांनी यंत्र उघडून पाहण्याचे धाडस केले होते. ते यंत्र पुन्हा मिटून चालते करणारे हात शिल्लक आहेत, तोवरच त्यांची विद्या पुढच्या पिढीकडे जाऊ शकेल.